शाईच्या टिंबापलीकडे

४ मार्च

आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पण बाबांची आरामखुर्ची खिडकीशी लागली आणि बाबा तिच्यात बसले, म्हणजे घर लागलं असं मी धरून चालले आहे. वाटेत खुर्चीचा एक पाय मोडला. बाबांनी कुठून तरी वीट पैदा केली, ती खाली सरकवली, एक डोळा बारीक करून खुर्ची सरळ उभी आहे का ते बघितलं आणि म्हणाले, आता ही आपल्या दोघांना पुरून उरेल. उभा जन्म बांधकामावर मुकादमी केली. भिंत ओळंब्यात आहे का ते बघताना डोळा बारीक करायची सवय लागली ती लागलीच. भाजी घेतानाही ते वांग्याकडे तसंच बघतात.

नोकरी कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन विभागात. आजवर मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून रोजच्या रिपोर्टांच्या रगाड्यात पिचले. ट्रे भरभरून स्लाइड यायच्या आणि प्रत्येक सर्जनचं म्हणणं एकच, आमचं तेवढं आधी बघा. इथे घाई नाही. शांत बसून मायक्रोस्कोपात बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा.

निम्मं कारण मात्र बाबा. गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. पहिली स्टेज. तेवढा भाग कापून काढला, पुढे औषधंही लागली नाहीत. सर्जन म्हणाले, आता काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, तेव्हा लक्ष ठेवायचं खातं माझ्याकडे. इथे सगळ्या तपासण्या माझ्या डोळ्यांसमोर होतील. बाबांचं म्हणणं, मुलगी पोटाला घालते हे ऐकलं होतं, पोटात डोकावणारी पहिलीच. मला त्यांना अजून खूप वर्षं डोकावून बघायचंय. एवढंच मागणं आहे.

७ मार्च

खोली छान आहे. मोठी खिडकी, भक्कम टेबल, आणि मायक्रोस्कोप जुना असला तरी भिंगं अशी की पेशी हाताला लागतील असं वाटावं. तो फक्त माझ्यासाठी. माझ्या आधी इथे बसायचे त्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या त्रासामुळे नोकरी सोडली म्हणे.

विभागप्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणतात. त्यांनी स्वतः कित्येक वर्षांत मायक्रोस्कोपाला डोळा लावलेला नाही, ते फक्त आलेख बघतात. आणि हे ते अभिमानानं सांगतात.

काम असं. आतड्याची भिंत थराथरांची असते. कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बाहेरच्या बाजूला पोखरत जातो. स्नायूंच्या थरात थांबला तर पहिली स्टेज, भिंत ओलांडली तर दुसरी, शेजारच्या ग्रंथींत शिरला तर तिसरी, दूर कुठे जाऊन बसला तर चौथी. ऑपरेशन झालेल्या शेकडो लोकांच्या स्लाइड इथे आहेत. एकाच स्टेजचे दोघं, त्यातला एक म्हातारा होऊन जातो आणि दुसरा लगेच, हे का, ते सरांना शोधायचंय. म्हणून प्रत्येक स्लाइड नाव झाकून नव्यानं बघायची, स्टेज ठरवायची, आणि पेशंट किती काळ काढेल याचा अंदाज द्यायचा. प्रत्येक स्लाइडला दोन नजरा. सरांचाच शब्द: पहिली नजर, दुसरी नजर. मी पहिली. दुसरी कोण हे विचारायचं नाही, नाहीतर एकमेकांच्या कलानं उत्तरं येतात.

पलीकडच्या खोलीत फोनताई. दिवसभर पेशंटांच्या घरी फोन लावून तब्येत विचारणं हे तिचं काम. फोनवर माणूस भेटला की ती आनंदानं ओरडते, गाठ पडली! कॅन्सर हॉस्पिटलात हे ऐकून माझं हसू आवरेना. ती म्हणाली, सगळे नवीन लोक हसतात, मग सवय होते. तळघरात मेणकाका. पेशंटांचे तुकडे मेणाच्या वड्यांत जपून ठेवायचे आणि त्यांचे पातळ काप काचेवर चढवायचे हा त्यांचा उद्योग. बोलतात कमी, कुरकुरतात जास्त.

तुलनेसाठी निरोगी माणसं कमी पडतायत, म्हणून इथल्या चाळिशी उलटलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांकडून दुर्बिणीनं आतड्याच्या अस्तराचा चिमटा घेतात. रुजू झाल्याच्या आठवड्यात मीही दिला. नवीन नोकरीत लोक पेढे देतात, मी आतडं दिलं. बाबा हसून हसून खोकले.

१५ मार्च

बाबांची स्लाइड जुन्या हॉस्पिटलातून आली. वर्षापूर्वी मीच ती बघितली होती आणि कॅन्सर जिथे सगळ्यात खोल गेला होता तिथे काचेवर शाईचं टिंब दिलं होतं. आमच्या धंद्यातली जुनी सवय: पुन्हा बघणाऱ्याला शोधत बसायला नको. टिंब अजून तसंच आहे. पेशी टिंबाशी थांबलेल्या, पुढे स्नायूंची जाड, स्वच्छ पट्टी. डोळे निवले.

आता रोज काम सुरू करण्याआधी एकदा ती नजरेखालून घालते. कोणी देवाला हात जोडतं, मी टिंब बघते.

आज बाबा तपासणीला आले होते, तर त्यांना वर बोलावून दाखवली. मायक्रोस्कोपावर वाकून, एक डोळा बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले. मी भिंत दाखवली, थर दाखवले. त्यांना लगेच समजलं. म्हणाले, ही तर ओल आहे. आतल्या बाजूनं धरलेली ओल. टिंबाच्या अलीकडेच आहे ना, मग झालं तर. भिंतीत मुरली असती तर वरून कितीही रंग लावा, उपयोग नसतो. मग मान वर करून मला निरखून बघितलं आणि विचारलं की डॉक्टरीणबाई, तुम्ही जेवता का नाही, वाळलात.

२ एप्रिल

पहिल्या गठ्ठ्याचा निकाल. माझी चांगलीच जिरली. मी ज्याला पहिली स्टेज म्हटलं त्याला दुसरी नजर दुसरी म्हणते, मी दुसरी म्हटलं तर ती तिसरी. प्रत्येक वेळी एक पायरी पुढे. आणि फोनताईनं आणलेल्या बातम्यांशी ताडून बघितलं तर दरवेळी दुसरी नजरच खरी. जे मी ठणठणीत ठरवले होते त्यांचा आजार उलटलाय. सर खूश आहेत, त्यांचे आलेख कधी इतके जुळले नव्हते. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही. इतकी वर्षं हाच धंदा केला, आणि आता कोणीतरी न भेटलेला माणूस माझ्या चुका मोजतोय.

५ एप्रिल

सरांना सरळच विचारलं की तो दुसरा कोण, मला त्याच्याकडून शिकायचंय. ते आधी टाळत होते, मग हसायलाच लागले. दुसरा माणूस नेमायला मंजुरी नाही. सकाळी बघितलेल्या स्लाइडचे नंबर बदलून त्याच दुपारच्या ट्रेमध्ये मला परत देतात. शंभर-शंभर स्लाइडांत कोणाला ओळखू येणार. म्हणजे दुसरी नजर मीच. सर म्हणाले, तुमचा डोळा दुपारी जास्त पक्का बसतो, चहा वाढवा.

मीही हसले. खोलीत आल्यावर हसू गेलं. ज्या पेशी सकाळी भिंतीच्या अलीकडे होत्या त्या दुपारी पलीकडे दिसतात, हा डोळ्यांचा दोष एकदा होईल, दोनदा होईल. प्रत्येक वेळी कसा होईल.

९ एप्रिल

तपासून बघितलं. सोपं होतं. सकाळच्या ट्रेमधली स्लाइड घेतली, सगळ्यात खोल पेशीवर शाईचं टिंब दिलं, काच बाजूला ठेवली. दुपारी परत लावली. पेशी टिंबाच्या पुढे होत्या.

मेलेला तुकडा आहे तो. औषधात मुरवलेला, मेणात भरलेला, कापून रंगवलेला. लोणच्यातली फोड वाढत नाही. दुसरी घेतली. तीही. तिसऱ्या काचेला टिंब दिलं आणि मग पुन्हा बघितलंच नाही, तशीच मेणकाकांकडे दिली आणि टिंब कुठे आहे ते सांगा म्हटलं. त्यांनी तळघरातल्या त्यांच्या मायक्रोस्कोपात बघितलं आणि कुरकुरले की टिंब बरोबर जागी आहे, डॉक्टरला एवढंही दिसत नाही का. ती वाढली नव्हती. मग मी तीच काच माझ्या मायक्रोस्कोपाला लावून एकदा बघितली, काढली, पुन्हा लावली.

टिंब मागे राहिलं होतं.

मी बघितलं की वाढतं.

हे लिहून मीच वाचते आहे आणि मला हे वेड्याचं वाटतंय. वाटू दे. पण मी रोज सकाळी काय करते ते मला आठवतंय.

१० एप्रिल

बघायचं नाही असं ठरवून गेले.  न बघता कळणार कसं. एकदाच, शेवटचं.

रोज मी नुसतं टिंब बघून काच काढत होते, त्याच्या पुढे नजर नेलीच नव्हती. टिंब कुठल्या कुठे मागे. स्नायूंची पट्टी पार झालेली. त्यापुढे चरबी, आणि चरबीतही बेटं बेटं.

आणि हे आत्ताचं बघणंही धरायचं.

काच काळ्या कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली. फोडावीशी वाटली, पण फोडली आणि त्याचंही काही झालं तर. काचेवरचं वाढतं तसं माणसात वाढतं का, हे अजून ठरलेलं नाही. स्वतःला हेच सांगते आहे. ठरलेलं नाही.

१६ एप्रिल

ठरलं. फोनताईकडे जाऊन बसले. मी ज्या स्लाइड विद्यार्थ्यांना शिकवायला निवडताना पुन्हा पुन्हा बघितल्या होत्या त्यांची विचारपूस करायला लावली. ती फोन लावत गेली. गाठ पडेना. एका घरी सून रडली, एका घरी कोणीतरी नुसतं ऐकून ठेवून दिलं. एक बाई होती, गेल्या महिन्यात फोनताईला नातवाचे पराक्रम सांगणारी, तिच्या मुलानं सांगितलं की आई ओळखत नाही आता कोणाला. फोनताईचा चेहरा उतरला. म्हणाली, इतकी वर्षं फोन करते आहे, एकदम इतके कधी गेले नाहीत.

मी तिच्याकडे न बघता उठले.

घरी बाबांनी पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं. म्हणाले, पट्टा सैल झालाय, चामडं हल्ली असलंच येतं.

२२ एप्रिल

सरांना सांगितलं. सगळं. ते शांतपणे ऐकत होते आणि मधेच त्यांनी मला पाणी दिलं. त्यांचं म्हणणं, बाबांची काळजी आहे, कामाचा ताण आहे, असं होतं. सुट्टी घ्या, पण पुढचा गठ्ठा तेवढा संपवून. हा गठ्ठा सध्या उपचार चालू असलेल्या लोकांचा आहे, आणि तुमच्यासारखी नजर पुन्हा मिळायची नाही. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, अहो, नुसतं बघायचंच तर आहे.

पुरावा हवा होता. दुसऱ्या कोणाच्या जिवावर कसा काढणार. म्हणून माझीच काच मागवली, निरोगी गटातली, तो चिमटा. अस्तर स्वच्छ, त्यातल्या बारीक ग्रंथी ओळीनं उभ्या. एका ग्रंथीवर टिंब दिलं आणि बघत राहिले. काढायची, लावायची, बघायचं. संध्याकाळपर्यंत ती ग्रंथी वाकडी झाली होती. मग शेजारची. मग मला त्यांना नाव द्यावं लागलं, आणि ते नाव मी आयुष्यभर इतरांच्या रिपोर्टांवर लिहीत आले आहे.

सरांनी बघितलं नाही. ते स्लाइड बघत नाहीत. म्हणाले, काचा बदलल्या असतील तळघरात.

माझीही काच काळ्या कागदात. यापुढे तिला हात लावणार नाही. माझं मी सोसेन.

२९ एप्रिल

आधीच्या डॉक्टरांचा पत्ता फोनताईनं काढला. फोन त्यांच्या बहिणीनं घेतला. तिनं सांगितलं, दादाच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, दहा ठिकाणी दाखवलं. तो उघडतच नाही. वहिनी गेल्यापासून पट्टी बांधून बसतो.

मग ते बोलले. आवाज अगदी साधा, शेजारच्यासारखा. मी काय सांगणार ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, काचेपुरतं राहत नाही ते. तो मायक्रोस्कोप डोळा तयार करतो, पुढे त्याची गरज उरत नाही. कोणाकडे सहज बघितलं तर काही होत नाही. रस्त्यावरच्या माणसाला काही होत नाही. काळजीनं बघितलं की होतं. ज्याच्यावर लक्ष ठेवाल तो जातो.

मग विचारलं, घरात कोण आहे. मी म्हटलं, वडील.  त्यांनी विचारलं की तुमच्याशिवाय आणखी कोणी त्या मायक्रोस्कोपाला डोळा लावलाय का. मी म्हटलं, नाही, तो फक्त माझ्यासाठी आहे. म्हणाले, मग निदान तेवढं बरं.

४ मे

खरं आहे. मेणकाकांच्या मानेवर बारीकशी गाठ होती. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आली होती. त्यांना दाखवून घ्या म्हणून सांगत होते आणि रोज येता-जाता वाढली तर नाही ना म्हणून बघत होते. आज कॉलर लागत नाही त्यांना. कुरकुरत होते की धोबी कॉलर आवळतो.

पळत बाहेर आले. जिन्यात कोणीतरी हाक मारली. वर बघितलं नाही.

७ मे

बाबांचा स्कॅन. यकृतात डाग. एक नाही. चौथी स्टेज.

त्यांच्या डॉक्टरांना नवल वाटतंय. पहिल्या स्टेजचं असं सहसा होत नाही म्हणाले, जुनी स्लाइड तुम्ही स्वतः एकदा पुन्हा बघाल का. मी तिथेच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाबांनी मला हात धरून बाहेर आणलं, आणि मी वाटभर त्यांच्या चपलांकडे बघत आले. चपलांना काही होत नसेल. नसेल ना.

रोज सकाळी, हौसेनं. देवाला हात जोडावेत तसं. मीच.

११ मे

नोकरी सोडली. आत्याला फोन केला की बाबांना घेऊन जा, मला त्यांच्याजवळ राहता येत नाही. तिचे गुडघे गेलेत, तीच मुलाकडे पडून आहे. आणि बाबा जायला तयार नाहीत. मरायचं तर आपल्या खुर्चीत म्हणतात. त्यांना सोडून मी जाऊ, तर औषध कोण देणार, कूस कोण बदलणार.

ओढणीची पट्टी करून डोळ्यांवर बांधली. मागे घट्ट गाठ मारली. आता घरात अशीच. स्वयंपाकघर हातांना पाठ झालंय. बाहेर जाताना सोडते, बाबांच्या खोलीत शिरायच्या आधी बांधते.

बाबांनी विचारलं, डोळे आलेत का. हो म्हटलं.

१७ मे

त्यांना शंका आहे. काल म्हणाले, आजारी माणसाचं तोंड बघवत नाही, असं होतं कधी कधी. तुझ्या आईच्या वेळी मलाही व्हायचं.  मग थोड्या वेळानं, अगदी हळू, आमचं काही चुकलं का गं. तोंड बघायचं नाही असं लोक भांडून म्हणतात. तू न भांडताच.

रडू पट्टीत मुरलं. ओढणी गरम झाली.

मग सगळं सांगून टाकलं. टिंब, काचा, मेणकाका, सगळं. ते ऐकत होते. खुर्ची विटेवर करकरली. म्हणाले, वेडे, बघून कधी भिंत पडते का. नुसतं बघून भिंत पडत असती तर माझ्या हातून एकही घर उभं राहिलं नसतं.

मग म्हणाले, तू नको बघूस. मी आहे ना. मी बघतो तुझ्याकडे. इथे पडल्या पडल्या दुसरं काम काय मला.

२४ मे असावी

पट्टी आता सोडतच नाही, तारीख दिसत नाही. ओळी एकमेकींवर चढत असतील.

पोटात दुखतंय. डाव्या बाजूला. रक्तही पडलं. मला माहीत आहे ते काय आहे, मीच केलं. पण त्या दिवसानंतर मी माझी काच बघितलेली नाही. आरशातही नाही. मग थांबायला हवं होतं. काचेवर ते चिमूटभर होतं, आणि आता हाताला लागतंय, बरगडीखाली, मोठं— इतक्यात इतकं कसं. मी तर बघत नाही.

कोण वाढवतंय मग.

बाबा म्हणतात की तू झिजत चाललीस. सकाळपासून तुझ्याकडेच बघतोय, तोंडावर रया नाही, गळ्याची हाडं दिसायला लागली. म्हणतात, काळजी वाटते गं.

त्यांचाच आवाज आता बारीक झालाय. औषध पाजताना ओठ सापडायला वेळ लागतो. मांडी काठीसारखी लागते हाताला. मी नाही बघितलं तरी ते जातायत— मग पट्टीचा उपयोग काय— बघितलं तर आजच जातील, नाही बघितलं तर उद्या. उद्याचा दिवस मिळावा म्हणून बांधली आहे. एक एक उद्या.

दिवस माहीत नाही

पोट फुगलंय. उठताना भिंत धरते.

बाबा काल म्हणाले, बाळ, एकदा बघ माझ्याकडे. मला डॉक्टरीणबाई म्हणायचं सोडून बाळ. म्हणाले, मला काही होत नाही त्यानं, आणि झालं तर होऊ दे, आता असं काय राहिलंय. पण न बघता पाठवू नको. गाठ पडू दे एकदा.

मी नाही म्हटलं. मी त्यांना नाही म्हटलं.



सकाळ आहे, रहदारी ऐकू येते

बाबा बोलत नाहीत.

हाक मारली. दोनदा. पाय चाचपले, गार. पाय त्यांचे नेहमीच गार असतात. छातीवर हात ठेवला तर माझाच हात थरथरतोय, त्यांचं काही कळत नाही. नाकाशी धरला. कळत नाही. वही मांडीवर आहे, लिहीत राहिले तर हात थांबेल—

इतकी वर्षं लोकांचं बघून सांगत आले, आहे की नाही, किती आहे, किती दिवस. आणि माझ्या बापाचं मला—

गेले असतील तर बघायला काय हरकत आहे. गेलेल्याला काय होणार.

नसतील गेले तर—

न बघता पाठवू नको म्हणाले होते.

गाठ सुटत नाही. कितीतरी दिवसांची घट्ट. नखं लावून—

सुटली.

उजेड टोचतो. धूसर. खिडकी. खुर्ची. बाबा.

आहेत. छाती हलते आहे. किती बारीक झालेत, पण आहेत. झोपलेले नाहीत. डोळे उघडे, माझ्याकडे. एक डोळा बारीक करून, त्या दिवशी माझ्या खोलीत, मायक्रोस्कोपावर वाकून— कितीतरी वेळ बघत होते— मी सांगितलं त्या डॉक्टरांना, आणखी कोणी नाही— मी तर फोनवर नाही म्हटलं—

एवढे सगळे दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काळजीनं.

बाबा, तिकडे बघा. भिंतीकडे बघा. हसतायत. गाठ पडली म्हणतायत. पोटात काहीतरी— बाबा, माझ्याकडे नका ब